परळचं औषध, पनवेलचा दंश

पावसाळ्यात पान लागलेल्या माणसाला पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आणलं, की आधी त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही तर विष चढलंय हे नक्की. मग सलाइन लावतात आणि त्यात कुपीतली पांढरी भुकटी विरघळवून सोडतात. लोक त्याला सापाची लस म्हणतात, डॉक्टर-नर्स एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात. एक कुपी 10 मिलिलिटरची, आणि सुरुवातीलाच अशा आठ-दहा लागतात. वेष्टनावर चार नावं असतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. औषध घोड्याच्या रक्तातून येतं. ते घोड्याच्या रक्तात तयार व्हावं म्हणून कुणीतरी या चारही सापांची मान धरून विष काढलेलं असतं.

महाराष्ट्रात हे काम रुजवलं ते परळच्या हाफकिन संस्थेनं. तिच्या वाटचालीतली गंमत अशी, की ती मुळात सापांसाठी निघालीच नव्हती.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण सापडला. पटकीवरची लस टोचत हिंदुस्थानभर फिरलेल्या वाल्डेमार हाफकिन यांना सरकारनं मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. काम वाढलं, जागा पुरेना. शेवटी परळचा गव्हर्नरचा जुना बंगला मिळाला आणि 10 ऑगस्ट 1899 रोजी तिथं प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिनवर आला आणि तो पुसला जायला 1907 उजाडलं. तोवर प्रयोगशाळेचं नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालं होतं. ज्याला बाजूला सारलं होतं त्याचंच नाव संस्थेला द्यायची बुद्धी सरकारला 1925 मध्ये झाली.

प्लेगच्या या घरात साप शिरला तो विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्यासाठी आधी थोडं सातासमुद्रापार जावं लागेल.

शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देणारा रॅटलस्नेक आपल्याकडे नाही, तो अमेरिका खंडांचा रहिवासी. पण विषावर उतारा रक्तात तयार होतो, ही कल्पना पहिल्यांदा त्याच्याच विषावर तपासली गेली. 1887 मध्ये मिशिगन विद्यापीठात हेन्री स्युअल यांनी रॅटलस्नेकच्या एका छोट्या जातीचं विष कबुतरांना थोडं थोडं वाढवत टोचलं. एरवी हमखास मारणारी मात्रा मग त्या कबुतरांनी पचवली. 1895 च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी घोड्यांकडून नागाच्या विषावरचा सीरम मिळवला. हाच सीरम सगळ्या सापांवर चालेल असं त्यांना वाटत होतं.

ते चुकीचं आहे हे दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी दिसून आलं, आणि दोन्ही प्रयोगशाळा प्लेगमुळे जन्मलेल्या होत्या. पहिली ब्राझीलमधली. 1899 मध्ये सांतोस बंदरात प्लेग आला म्हणून साओ पावलोजवळ बुतांतानला एक संस्था उभी राहिली आणि 1901 पासून ती रीतसर चालू लागली. तिचे प्रमुख व्हितल ब्राझील यांनी दाखवलं की काल्मेतचा सीरम तिथल्या रॅटलस्नेकवरही चालत नाही आणि जराराका नावाच्या सापावरही. इतकंच काय, रॅटलस्नेकचा सीरम जराराकावर चालत नाही आणि जराराकाचा रॅटलस्नेकवर. दुसरी प्रयोगशाळा आपल्या परळची. तिथं जॉर्ज लॅम्ब आणि विल्यम हॅना नागाच्या आणि घोणशीच्या विषावर काम करत होते. नागावर उतरणारा सीरम घोणशीपुढे निरुपयोगी ठरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे ज्या मातीतला साप, तिथलाच उतारा. हे ज्ञान परळला सव्वाशे वर्षांपूर्वी आलं होतं, एवढं वाचकानं लक्षात ठेवावं. पुढे ते लागणार आहे.

त्यानंतर मुंबईच्या हातून हे काम सुटलं. देशाचा सीरम हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला बनू लागला, तोही नाग आणि घोणस या दोनच सापांचा. कोकणाचं फुरसं त्यात नव्हतं. कोकणात फुरशाचा उपद्रव केवढा होता ते सरकारी दप्तरातच नोंदलेलं आहे. डिसेंबर 1862 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या सापामागचं बक्षीस दोन आण्यांपर्यंत वाढवलं, तेव्हा आठवडाभरात एक लाखाहून जास्त फुरशी लोकांनी आणून टाकली. शेवटी तिजोरीच्या भीतीनं सरकारलाच हात आखडता घ्यावा लागला. दोन आणे देण्यापलीकडे कोकणातल्या चावलेल्या माणसासाठी सरकारजवळ काही नव्हतं. गावात भगत होता, मांत्रिक होता, दंशावर लावायला कोंबडी होती.

1932 मध्ये साहिब सिंग सोखी हाफकिनचे पहिले भारतीय संचालक झाले. संस्थेनं निव्वळ संशोधनाच्या वह्या न भरता औषधं बनवून स्वस्तात लोकांपर्यंत पोचवावीत, असा त्यांचा आग्रह होता. (त्यांच्या पत्नी म्हणजे कथ्थक नर्तकी मॅडम मेनका. पनवेलहून घाट चढून गेलं की लागणाऱ्या खंडाळ्याला त्यांचं नृत्यालय होतं. सीरम आणि घुंगरू एका घरात नांदत असल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) सोखींनी घालून दिलेल्या वळणावर, स्वातंत्र्याच्या आगेमागे, परळला चार सापांचा एकत्र सीरम बनू लागला. नाग आणि घोणस यांच्या जोडीला मण्यार आणि फुरसं आलं. कोकणच्या दृष्टीनं संस्थेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना, पण हाफकिनवर लिहिताना लोक प्लेगनंतर थेट पोलिओच्या लशीवर उडी मारतात.

चार सापांचा सीरम करायचा तर चार सापांचं विष सतत हवं. म्हणून संस्थेत साप पाळले गेले, आणि त्या सर्पशाळेचं नाव डॉ. पी. जे. देवरसांशी कायमचं जोडलं गेलं. नॅशनल बुक ट्रस्टनं 1965 मध्ये काढलेलं त्यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक पुष्कळांच्या कपाटात असतं. त्यांचं खरं काम मात्र विषाच्या हिशेबाचं. कोणता साप किती विष देतो याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि त्यांतून निष्कर्ष काढले. हा हिशेब सोपा नाही. एक नाग एका वेळी वाळवलेलं विष 200 मिलिग्रॅमपर्यंत देतो, घोणसही तेवढंच देऊ शकते. मण्यार जेमतेम 20. फुरशाचं माप त्याच्या अंगाएवढंच, थोडक्या मिलिग्रॅमचं. त्यामुळे फुरशाच्या विषाचा साठा करायचा तर साप पुष्कळ लागतात. रत्नागिरीनं ज्यांना दोन आण्यांना मारलं, तीच आता हवी होती, आणि जिवंत.

विष काढणं बघणाऱ्याला वाटतं तितकं नाट्यमय नसतं, आणि चांगल्या हातात ते कंटाळवाणंच दिसायला हवं. साप पेटीतून काढायचा तो हुकनं. हात पेटीत घालायचा नाही. मऊ पृष्ठभागावर त्याचं डोकं काठीनं हलकेच दाबायचं, मग जबड्याच्या मागे अंगठा आणि मधलं बोट, डोक्यावर तर्जनी. दुसऱ्या हातानं, नाहीतर दुसऱ्या माणसानं, धड सांभाळायचं, कारण आधार नसलेला साप पिळवटतो आणि मान सुटते. हल्ली बरेच जण सापाला आधी पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत शिरू देतात, मगच धरतात. काचेच्या भांड्याच्या तोंडावर पातळ पडदा ताणून बांधलेला असतो. साप त्यावर चावतो, विषदंत पडद्यातून आत जातात आणि काचेवरून विष ओघळतं. नागाचं आणि घोणशीचं पिवळसर, मण्यारीचं जवळपास पाण्यासारखं. मग विषग्रंथींवर हलका दाब. जोरात दाबलं तर ग्रंथी दुखावते, रक्त मिसळतं, आणि पुढच्या खेपेला तो साप काही देत नाही.

चौघांचे स्वभाव चार. नाग फणा काढून आधी सांगतो, त्यामुळे नवशिक्याला तो सोपा वाटतो. मण्यार दिवसा सुस्त, गुंडाळी करून पडलेली, आणि म्हणूनच फसवी; तिचे दात इतके बारीक की चावल्याचं धड कळतही नाही. घोणस प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तिची पकड सगळ्यात अवघड. तिचे लांब, दुमडणारे विषदंत कडेला वळतात, आणि मान नीट धरलेली असतानाही ती स्वतःच्याच खालच्या जबड्यातून दात आरपार काढून धरणाऱ्याच्या बोटाला लावू शकते. फुरसं खुळखुळा वाजवत नाही, पण अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारख्या खवल्यांचा खरखर आवाज काढतं. इशारा देण्याची त्याची आणि रॅटलस्नेकची रीत एका जातकुळीची. मात्र फुरसं इशारा देऊन थांबत नाही, चपळाईनं पुन्हा पुन्हा झेप घेतं. ते बोटांनी धरण्याऐवजी लांब चिमट्यानं धरलेलं बरं.

नियम थोडे आहेत, पण ते मोडणारे अनुभवी लोकच असतात. एकट्यानं काम करायचं नाही. घाईत करायचं नाही. प्रत्येक पेटीवर जात आणि संख्या लिहायची, झाकण लावताना पुन्हा मोजायचं. कुप्या आणि त्या देऊ शकणारा डॉक्टर जवळ असल्याखेरीज पेटी उघडायचीच नाही. जाड हातमोजे दिसायला बरे, पण त्यांतून सापाच्या मानेचा अंदाज येत नाही. हातमोजे, मास्क आणि चष्मा लागतात ते पुढच्या टप्प्याला. काढलेलं विष बर्फात ठेवून, गाळ काढून, गोठवून वाळवलं की त्याची भुकटी होते. ती उडून नाका-डोळ्यांत गेली तर काम करणाऱ्याला तिची ॲलर्जी जडते. हा धोका चाव्याइतका प्रसिद्ध नाही, एवढंच.

भुकटीचा पुढचा मुक्काम घोडा. अगदी थोड्या मात्रेपासून चढत चढत काही महिने घोड्याला विष टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं पुरेशी झाली की रक्त काढतात, द्रव भाग वेगळा करतात आणि लाल पेशी त्यालाच परत देतात, म्हणजे घोडा अशक्त होत नाही. त्या द्रवातला हवा तेवढा भाग शुद्ध करून, वाळवून कुपीत भरतात. हाफकिनचे सीरमचे घोडे पिंपरीला. 1975 मध्ये संस्थेचे दोन भाग झाले: परळची हाफकिन प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी संस्था, आणि औषधं बनवणारं हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ. पनवेल परळ आणि पिंपरी यांच्या मधल्या रस्त्यावर. औषधाचा धंदा पनवेलला नवा नव्हता. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्ये काढलेला धूतपापेश्वर कारखाना इथलाच, हाफकिनपेक्षा 27 वर्षांनी थोरला.

कुपीचा दर्जा ठरलेला आहे. एक मिलिलिटर औषधानं नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम, मण्यारीचं आणि फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं. घोणस एका चाव्यात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते. एका कुपीत त्यातलं सहा मिलिग्रॅम मारण्याची ताकद. आठ-दहा कुप्यांचा आकडा या भागाकारातून आला आहे.

मग वाटचालीला वळण लागलं ते कायद्यानं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, कातड्यांच्या व्यापारासाठी साप पकडणं हळूहळू बंद झालं, आणि तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींचं पोट त्या व्यापारावर होतं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था नोंदली गेली. चेन्नईच्या दक्षिणेला वडनेम्मेलीला साप आणायचे, मातीच्या मडक्यांत ठेवायचे, आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यांवर खूण करून पुन्हा रानात सोडायचे. साप मरत नाही आणि इरुळांची चूलही पेटते. इतकी नेटकी योजना सरकारी खात्याला सुचली नसती. देशातल्या सीरम उत्पादकांना लागणारं बहुतेक विष तिथून येतं.

आणि इथेच परळला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट विसरली गेली. विष तमिळनाडूच्या दोन-तीन जिल्ह्यांतल्या सापांचं, दंश मात्र पनवेल, चंद्रपूर, जैसलमेर, कुठेही. साप त्याच जातीचा असला तरी त्याचं विष प्रदेशागणिक बदलतं; खाणं, हवामान, वय, सगळ्याचा त्यात हात असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. देशाच्या काही भागांतल्या नागांच्या आणि घोणसांच्या विषापुढे बाजारातला सीरम कमी पडतो. लॅम्ब आणि हॅनांनी जातीजातींतला फरक दाखवला होता, हा एकाच जातीतला. कमी पडणं म्हणजे जास्त कुप्या, जास्त खर्च, आणि रुग्णालयात जास्त दिवस.

हाफकिनकडे या प्रश्नाचा विचार करायला उसंत होती का, हे विचारायला हवं. 2017 मध्ये राज्य सरकारनं सगळ्या सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीचं काम महामंडळाच्या गळ्यात घातलं. सीरम बनवणाऱ्यांनी निविदा उघडत बसायचं! खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण करण्याचा कायदा यायला 2023 उजाडलं. मधल्या वर्षांत महामंडळाचं नाव पेपरात आलं ते बहुधा उशिरा पोचलेल्या औषधांच्या बातम्यांत.

इकडे रायगड जिल्ह्यात काम थांबलेलं नव्हतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि साप या दोन्हींच्या विषावर जगानं दखल घ्यावी असं काम केलं. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं त्यांनी विंचूदंशाचे मृत्यू खाली आणले. पुढे त्या गोळीच्या जोडीला विंचवाचा सीरम दिला तर रुग्ण लवकर बरा होतो, हे दाखवणारा त्यांचा अभ्यास 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पनवेलच्या डोक्यावरच्या माथेरानला नोकरी करताना ज्यांची सापांशी ओळख झाली, त्या नीलिमकुमार खैरेंनी 1980 मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास काढले आणि 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. आजच्या सर्पमित्रांची पिढी बऱ्याच अंशी त्या काचेच्या खोलीकडे बघून घडली. त्यातला थरार पुष्कळांनी उचलला, शिस्त सगळ्यांनी उचलली असं म्हणवत नाही. मोबाइलसमोर नागाचा फणा गोंजारणारा सर्पमित्र हा कुपीचं उद्याचं गिऱ्हाईक असतो.

पनवेलला सर्पमित्रांना कामाची वाण नाही. सिडकोनं भातखाचरं बुजवली, विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, 2016 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. साप मात्र पूर्वीच्याच पत्त्यावर राहतात. कामोठे, कळंबोली, खांदेश्वरच्या सोसायट्यांत पाऊस सुरू झाला की पार्किंगमध्ये धामण, जिन्याखाली नाग, कुंडीमागे घोणस. 2021 च्या नाताळात पनवेलजवळच्या वाजे गावातल्या शेतघरात हिंदी सिनेमाच्या एका बड्या नटाला साप चावला आणि दोन दिवस सगळा देश पनवेलच्या सापांवर बोलत होता. तो साप बिनविषारी निघाला. त्याच तालुक्यात लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या कातकरी बाईला घोणस डसते, तेव्हा बातमी होत नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी 58,000 माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ सगळी खेड्यांतली. केंद्रानं मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं.

चार नावांबाहेरचेही साप आहेत. कर्नाळ्याच्या झाडीतला हिरवा चापडा रॅटलस्नेकचा लांबचा भाऊबंद. दोघांच्याही नाक-डोळ्यांच्या मध्ये उष्णता टिपणारा खळगा असतो. चापड्यावर आपल्या कुपीत औषध नाही. त्याचा दंश सहसा जीव घेत नाही, म्हणून कुणाला घाईही नाही. उरण-करंजाच्या कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापांवरही ही कुपी चालत नाही, आणि त्यांचं विष मात्र जीव घेऊ शकतं.

महाराष्ट्राच्या सापांचं विष महाराष्ट्रात काढायला कायद्याची आडकाठी नाही. जीवरक्षक औषधासाठी सापाचं विष काढण्याची परवानगी देण्याची सोय वन्यजीव कायद्याच्या 12 व्या कलमातच आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत गेले, त्यामुळे कागद दिल्लीपर्यंत जातो, एवढाच फरक. पनवेलचा सर्पमित्र आज रात्री पार्किंगमधून घोणस पकडतो, वनखात्याला कळवतो आणि रानात सोडतो. त्यानं घरी विष काढलं तर तो गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण पकडल्यापासून सोडेपर्यंतच्या वेळेत तोच साप रीतसर परवाना असलेल्या सर्पशाळेत नेला, प्रशिक्षित हातांनी त्याचं विष घेतलं, जागा आणि तारीख लिहून ठेवली, तर कोकणच्या घोणशीचं विष कोकणच्या कुपीत येऊ शकेल. सर्पशाळा चालवण्याचा अनुभव परळच्या जुन्या वह्यांत आहे. घोडे पिंपरीला आहेत. परवान्याचा अर्ज कुणीतरी करायचा आहे.